वजन उतरलं, पण अंग सैल पडलं? कुकरच्या वेळात बसणारा व्यायाम

चौदा महिन्यांत माझं वजन ८१ वरून ६४ किलोवर आलं. भात निम्मा केला, संध्याकाळची चहा-खारी सोडली आणि गुहागरच्या किनाऱ्यावर चालत राहिले. आता लोक कौतुक करतील अशी माझी समजूत होती. ब्लाउज शिवायला टाकायला आलेल्या एका आजीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, “काय गो, आजारी-बिजारी होतीस काय? गळ्याची हाडं वर आली ती!”

राग आला, पण तिचं खोटं नव्हतं. मी बावीस वर्षं शिवणकाम करते, अंगाचं माप मला डोळ्यांनीही कळतं. स्वतःच्या ब्लाउजची बाही दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच आत घेतली होती, तरी हात वर केला की दंडाखालची कातडी बाहीच्या काठावरून ओघळायची. जमिनीवर बसून कापड बेतलं की उठताना हात टेकावा लागायचा. वजन १७ किलोंनी कमी आणि ताकदही कमी, हे गणित मला बसत नव्हतं.

नंतर कळलं. नुसतं खाणं कमी करून आणि चालून वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. उतरलेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतो असं धरून चालतात. म्हणजे माझे चारेक किलो. चालणं चांगलंच, ते सोडायचं नाही. पण दंड, पाठ, मांड्या यांना चालण्यात ओढच लागत नाही, मग ते भरणार कसे? जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सांगते आणि त्याशिवाय निदान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगते. हा दुसरा भाग आपण सगळ्या विसरतो.

माझ्या चुका तुम्ही करू नयेत म्हणून क्रमाने लिहिते आहे.

१. आधी कागद एका पिशवीत घाला

जुने-नवे रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी, सिझेरियन किंवा हर्नियाचं ऑपरेशन झालं असेल तर त्याचे कागद. हे घेऊन नेहमीच्या डॉक्टरकडे एकदा जाऊन या. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि रक्तदाब एवढं बघून घ्या.

हे का, तर वजन उतरलं तरी गोळ्या जुन्याच वजनाच्या चालू असतात. रक्तदाबाची तीच गोळी आता जास्त पडते आणि वाकून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. इन्सुलिन किंवा साखरेच्या काही गोळ्या चालू असतील तर व्यायामानंतर साखर एकदम खाली जाऊ शकते. डोस डॉक्टरच बदलतील, आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही.

भराभर वजन उतरलेल्यांना पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखत असेल तर तेही सांगा. आणि काहीही न करता आपोआप वजन उतरलं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी तपासून घ्या. त्या आजीचा प्रश्न तेव्हा अगदी योग्य असतो.

२. टेप काढा, काटा कपाटावर ठेवा

हा माझ्या धंद्यातला विषय, म्हणून जरा सविस्तर.

स्नायूंचा व्यायाम सुरू केला की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काटा किलोभर वरही जातो. कामाला लागलेले स्नायू पाणी धरून ठेवतात, दुसरं काही नसतं. पण इतक्या कष्टाने उतरवलेलं वजन वाढलेलं पाहून माणूस घाबरतो आणि व्यायाम सोडतो. माझ्या ओळखीच्या दोघींनी याच पायरीवर सोडला.

म्हणून टेपने मोजा. जुनी कापडी टेप असेल तर आधी ती शाळेच्या फूटपट्टीला लावून बघा. वापरून-वापरून कापडी टेप ताणली जाते. माझी एक टेप बारा इंचांत जवळजवळ पाव इंच खोटं बोलत होती. फायबरची नवी टेप स्वस्तात मिळते, ती घ्या.

सकाळी, उपाशीपोटी, संडासला जाऊन आल्यावर मापं घ्या:

– दंड: खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडून. दोन्ही हातांचा घ्या. उजवा थोडा जास्त भरतो, ते ठीक.
– कंबर: बेंबीवरून, श्वास सोडल्यावर. पोट आत ओढायचं नाही. माप देताना सगळ्या बायका पोट आत ओढतात आणि मग ब्लाउजची पट्टी काचते म्हणून माझ्याशी भांडायला येतात.
– नितंब: सगळ्यात रुंद जागी, पाय जुळवून.
– मांडी: गुडघ्याच्या वाटीपासून वर आठ इंचांवर. अंतर मोजूनच घ्या, नाहीतर दर वेळी वेगळ्या जागी टेप पडते.

टेप कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. तारखेसह वहीत लिहा आणि पुढचं माप चार आठवड्यांनी. रोज मोजणारीला काही दिसत नाही.

मापांच्या खाली आणखी दोन गोष्टी लिहा. खुर्चीवरून हात न लावता तीस सेकंदांत किती वेळा उठता आलं, आणि भरलेली कळशी किती पावलं नेता आली. फरक आधी इथे दिसतो, टेपवर मागाहून.

३. सामान

पाठीला सरळ अशी न डगमगणारी खुर्ची, एक चटई, जाड बंदांची कापडी पिशवी, एकेक लिटरच्या चार बाटल्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वजनाचा हिशेब सोपा. बस एवढंच. जिमची वर्षाची फी आधी भरू नका. मी एके ठिकाणी भरली आणि जेमतेम नऊ दिवस तिथे गेले.

अंगणातला चिरा, म्हणजे बांधकामाचा जांभा दगड, उचलून व्यायाम कर असं एक पुतण्या मला सुचवत होता. चिरा एकट्या-दुकट्या बाईने उचलायची वस्तू नाही. कंबर धरली तर भातलावणी, लग्न, गणपती सगळंच जाईल.

कपड्यांचं म्हणाल तर साडी किंवा गाऊनवर करू नका, बस-उठ करताना काठ पायात येतो. सैल सलवार उत्तम.

४. जागा आणि वेळ

आपल्याकडच्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. मार्च ते मे आणि पावसाच्या उघडिपीत दुपारी अकरा ते पाच व्यायाम नको. पहाटे किंवा दिवेलागणीनंतर, पंख्याखाली किंवा वाऱ्याच्या पडवीत. वीज गेली तर त्या दिवशी एकच फेरी. जुलैत मागीलदारच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर बुळबुळीत शेवाळ धरतं, तिथे पायऱ्यांचा व्यायाम अजिबात नको.

किनाऱ्यावर जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज सहा वाजता घट्ट ओली वाळू मिळाली म्हणून पुढच्या सोमवारी सहालाच मिळेल असं नाही. वर भुसभुशीत वाळूत चालायला गेलात तर पोटऱ्या भरून येतात. शिवाय किनारा समुद्राकडे उतरता असतो, एकाच दिशेने चाललं की एक पाय सतत खाली पडतो आणि गुडघा कुरकुरतो. जितकं जाल तितकंच परत या. स्नायूंचा व्यायाम मात्र घरातच करा, सपाट जमिनीवर.

वेळ ठरवताना घड्याळावर विसंबू नका. रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला व्यायाम बांधा. माझा कुकरला बांधलेला आहे. भाताचा कुकर चढवला की पडवीत यायचं. तीन शिट्ट्या होऊन गॅस बंद करायला एकदा आत जायचं आणि वाफ जिरेपर्यंत उरलेला उरकायचा. बारा-पंधरा मिनिटं होतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार. मधले दिवस नुसतं चालणं, कारण स्नायू भरतात ते विश्रांतीच्या दिवशी.

५. पहिले दोन आठवडे: चारच प्रकार

आधी दोन मिनिटं जागच्या जागी चालून खांदे गोल फिरवा. मग खालचे चार प्रकार ओळीने, मिनिटभर थांबा आणि पुन्हा एकदा. दोन फेऱ्या झाल्या की संपलं.

खुर्चीवर बस-उठ. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, प्लास्टिकची खुर्ची लादीवर सरकते. पाय खांद्याइतके फाकवून, चवडे किंचित बाहेर. मनात तीन मोजत खाली जा, बूड टेकलं न टेकलं की उठा. गुडघे आत वळू देऊ नका, पायाच्या बोटांच्या दिशेनेच राहू द्या. आठ वेळा. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया जातो. सावकाश खाली जाण्यातच मांड्यांना खरं काम असतं.

भिंत ढकलणं. भिंतीपासून हातभर लांब उभ्या राहा, तळवे खांद्याच्या उंचीवर भिंतीला. डोक्यापासून टाचांपर्यंत अंग फळीसारखं ठेवून छाती भिंतीजवळ न्या आणि परत या. कोपरं पंखासारखी फाकवू नका, अंगाकडे तिरकी ठेवा. आठ वेळा. पावसाळ्यात भिंतीला ओल असते, ती चुन्याची असेल तर तळवे पांढरे होतात, म्हणून मी दाराच्या बंद फळीवर करते.

पाठीवर झोपून कंबर उचलणं. गुडघे दुमडून, पायांचे तळवे जमिनीवर. टाचांनी जमीन दाबत बूड वर उचला, दोन मोजा, हळू खाली. दहा वेळा. ताण बुडाला जाणवायला हवा. कंबरेत जाणवत असेल तर जास्त वर जाताय.

पिशवी ओढणं. पिशवीत दोन भरलेल्या बाटल्या घाला. डावा हात खाटेवर टेकून वाका, पाठ सरळ. उजव्या हाताने पिशवी वर ओढा, कोपर कंबरेकडे जाईल अशी. दोन्ही हातांनी आठ-आठ. मशीनवर, काजूच्या कामाला किंवा मोबाइलवर वाकून बसणाऱ्या प्रत्येकीला चारांतला हा सगळ्यात गरजेचा. माझ्या मानेमागची जुनी कळ यानेच गेली असं मला वाटतं.

चारही प्रकारांत जोर लावताना श्वास सोडायचा, कोंडून धरायचा नाही. कोंडला की रक्तदाब चढतो. सोपं म्हणजे मोठ्याने आकडे मोजा, श्वास आपोआप सुटतो. घरातले हसतील, हसू दे.

आणि पहिल्या दिवशी “एवढंच?” असं वाटलं पाहिजे. मी ते मानलं नव्हतं. चालून दम वाढलाय या भरवशावर रथसप्तमीला सामूहिक सूर्यनमस्कारांना गेले, एक्कावन्न घालायचा बेत होता. अठ्ठेचाळीस घातले. दुसऱ्या दिवशी केसांना क्लिप लावायला हात डोक्यापर्यंत जाईना, आणि घरात लग्नाचे अकरा ब्लाउज बेतायचे पडलेले. कात्री धरून दंड थरथरायचे. चार दिवस गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली. सूर्यनमस्कार वाईट नाहीत, पण अंगाला सवय नसताना मनगटं आणि खांद्यांवर एकदम भार पडतो. घालायचेच तर दोनापासून चढा.

दर प्रकारात आणखी दोन-तीन वेळा जमलं असतं असं वाटत असतानाच थांबा.

६. कुठलं दुखणं चालतं, कुठलं नाही

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या-दंड भरून येणं, जिना उतरताना “आई गं” होणं, हे चालतं. तीन दिवसांत उतरतं. तोवर हलकं चाला, वेदनाशामक गोळी लगेच नको.

सांध्यात टोचणारी कळ, एकाच बाजूचं दुखणं, पायात मुंग्या किंवा विजेसारखी चमक आली तर तो प्रकार बंद करून दाखवून घ्या. छातीत दाब, हातात किंवा जबड्यात जाणारी कळ, चक्कर आली तर तिथेच थांबायचं आणि ताबडतोब दवाखाना गाठायचा. आणि अति व्यायामानंतर अंग भयंकर दुखून लघवी कोऱ्या चहासारखी तपकिरी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. स्नायू तुटून किडनीवर भार आल्याची ती खूण असू शकते.

बायका बोलत नाहीत अशी एक गोष्ट: खोकताना किंवा उडी मारताना लघवीचे थेंब जाणं. बाळंतपणांनंतर, पन्नाशीजवळ हे फार जणींना असतं. म्हणून वर एकही उडीचा प्रकार दिलेला नाही. लाजून व्यायाम सोडू नका. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे वेगळे व्यायाम असतात, ते फिजिओथेरपिस्ट शिकवतात. आमच्या बाजूला चिपळूणपर्यंत जावं लागतं, पण दोन खेपांत शिकून होतं.

७. तिसऱ्या आठवड्यापासून वाढवायचं कसं

दोन्ही फेऱ्यांत बारा-बारा वेळा आरामात जमायला लागलं की प्रकार थोडा अवघड करा आणि पुन्हा आठवर या. एका वेळी एकच बदल. खुर्चीऐवजी बुटकं स्टूल. भिंतीऐवजी स्वयंपाकाच्या ओट्याची कड, मग दोनेक महिन्यांनी खाटेची कड. पिशवीत तिसरी बाटली, मग चौथी.

पाचवा प्रकार इथे घाला: कळशी घेऊन चालणं. अर्धी भरलेली कळशी एका हातात, खांदे सारखे, अंगणात वीस पावलं जा आणि हात बदलून परत या. कळशीकडे अंग झुकू द्यायचं नाही, पोटाच्या बाजूच्या स्नायूंना यासारखं काम नाही. पूर्वी विहिरीवरून पाणी आणणाऱ्या बायकांच्या पाठी सरळ का असायच्या ते दोन खेपांत कळतं. (त्यांचे गुडघे मात्र साठीत जायचे, तेव्हा त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही.)

तिसऱ्या महिन्यात तीन फेऱ्या आणि वीस मिनिटं. कुकरच्या पुढे आमटीही होते तेवढ्यात.

८. कातडीबद्दल खरं काय ते

दंडाचाच व्यायाम केला म्हणून दंडाचीच चरबी जात नाही. चरबी कुठून जायची ते शरीर ठरवतं. सैल कातडीही व्यायामाने आक्रसत नाही; खालचा स्नायू भरला की ती थोडी ताणली जाते आणि ओघळ कमी दिसतो. मोठ्या मापाच्या उशीच्या अभ्र्यात लहान उशी घातली की तो चुरगळतो, तसंच हे. अभ्रा लहान होत नाही, कापूस वाढवायचा. काही कातडी वर्ष-दोन वर्षांत आपोआप बसते. वय, किती वर्षं वजन जास्त होतं, किती भराभर उतरलं, यावर ते आहे. खूपच लोंबत असेल तर ऑपरेशन हाच उपाय. पोटाला बांधायचे पट्टे नुसता घाम काढतात आणि घट्ट करणारी क्रीम पाकीट हलकं करतात.

त्या घड्यांत आपल्या हवेत नायटा फार होतो. अंघोळीनंतर घडी कोरडी करा, घामाचा कपडा लगेच बदला. झालाच तर मेडिकलमधून आपल्या मनाने मलम आणू नका. स्टिरॉइड मिसळलेल्या मलमाने दोन दिवस बरं वाटतं आणि मग तो पसरतो.

९. ताटात काय

स्नायू भरायला प्रथिनं लागतात आणि वजन उतरवण्याच्या नादात आपण नेमकी तीच कमी केलेली असतात. साध्या माणसाला दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम हा आपल्याकडचा सरकारी आकडा. असा व्यायाम करणारीने १.२ ग्रॅमच्या आसपास धरावं. मला ६४ किलोला ७७ ग्रॅम होतात. किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय वाढवू नका.

७७ ग्रॅम ऐकून पावडरचा डबा आणायला धावू नका. शंभर ग्रॅम बांगड्यात वीसेक ग्रॅम असतात, एका अंड्यात सहा, मोठ्या पेलाभर दुधात आठ. शंभर ग्रॅम कोरड्या कुळथात बावीसच्या आसपास. पण पिठीत कुळथाचं पीठ दोनच चमचे पडतं, तेव्हा पिठी-भात खाल्ला म्हणजे प्रथिनं झाली असं समजू नका. मोड आलेल्या कुळथाची वाटीभर उसळ करा. सोलकढी पचनाला छान, पण या हिशेबात ती शून्यच.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा सुकट, सोडे आहेतच, फक्त मीठ फार, रक्तदाबवाल्यांनी भिजवून, पाणी टाकून, बेताने. मी त्या दोन महिन्यांत अंडी, ताक आणि डाळी वाढवते.

१०. खंड पडणारच

शिमग्यात पालखी घरी येते, मे महिन्यात चाकरमानी आणि आंबे, पावसात लावणी, मग गणपती. वर्षात चार-पाच खंड धरूनच चाला. लावणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर वाकल्यावर संध्याकाळी वेगळा व्यायाम नको, उलट पाठीवर पडून राहा.

आठवडाभराचा खंड असेल तर होता तिथूनच सुरू करा. तीन आठवड्यांचा असेल तर निम्म्या वजनाने, एका फेरीने. राहिलेलं भरून काढायला दुप्पट करायचं नाही, त्याने माझ्यासारखी क्लिपची पाळी येते.

यंदा आमचे गौरी-गणपती विसर्जनाला गेले आणि तिसऱ्या दिवशी मी वही काढली. सुरुवातीपासून सात महिने झाले होते. कंबर ३६ वरून साडेचौतीस, दंड जेमतेम पाव इंचाने कमी, वजन ६५, म्हणजे एक किलोने जास्तच. तीस सेकंदांतली बस-उठ आठवरून पंधरा. मग कुकर चढवला, पडवीत जाऊन एकच फेरी केली, दोनच बाटल्या घेऊन. सकाळपासून जमिनीवर बसून कापड बेतत होते आणि कुकर चढवायला हात न टेकता उठले होते, हे गॅस बंद करताना लक्षात आलं.